अडीच तासांनी तेच

मागील भागात

विजय गायधनी नाशिकहून दोह्याला मुलाकडे आले आणि परत गेले नाहीत. पाहुण्याचा व्हिसा होता, तो वाढवला, पुन्हा वाढवला. फरीज बिन ओमरानमधल्या त्या फ्लॅटची दुसरी बेडरूम आधी गेस्ट रूम होती, मग बाबांची खोली झाली. सून गार्गी आता तिला ‘ती खोली’ म्हणते.

पुण्यात गार्गीची आई शशिकला बाथरूममध्ये पडली. हाड मोडलं नाही, पण मनगट सुजलं, आणि व्हिडिओ कॉलवर तिने ते मनगट पदराखाली सरकवलं हे गार्गीला दिसलं. त्याच दिवशी तिने ठरवलं की आईला इथे आणायचं. आणायचं म्हणजे त्या खोलीत. त्या खोलीत आणायचं म्हणजे आधी तिथून कोणीतरी

थेट

जायला हवं.

हे गार्गीने अजून मोठ्याने म्हटलं नव्हतं. ती दुसऱ्याच गोष्टी मोठ्याने म्हणत होती.

त्या घरात एकच मराठी चॅनल दोनदा यायचं. एकदा गार्गीच्या फोनवर, आईच्या खात्यावरून, भारतात दिसतं तसं थेट. तिकडे आठची मालिका, म्हणजे इकडे साडेपाच. ऑफिसातून येऊन कणीक मळता मळता ती ओट्यावर फोन टेकवून बघायची. दुसऱ्यांदा हॉलमधल्या टीव्हीवर, आखाती देशांसाठी काढलेल्या आवृत्तीत: तेच चॅनल, तीच मालिका, तोच मामा तीच थप्पड खायचा, पण सगळं अडीच तास धरून ठेवून मग सोडलेलं. म्हणजे इथल्या घड्याळातही आठची मालिका आठलाच. मधल्या वेळात कोणीतरी कुठेतरी बसून दारूचा ग्लास धूसर करायचं, एखादा शब्द गिळून टाकायचं आणि सोफ्याच्या जाहिरातीच्या जागी शारजाच्या सोन्याची जाहिरात घालायचं.

विजयरावांना ही व्यवस्था फार पटली होती. नोकरीभर ते नाशिकच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. काचेच्या खोलीत बसून माइकवरून गाड्या पुकारायच्या. गाडी मागून कितीही रखडत येऊ दे, फलाटावर बसलेल्या माणसाला ती वेळेवर सुटली असं वाटलं पाहिजे, असं ते म्हणायचे. या चॅनलने ते जमवलं होतं. गार्गी फोनवर बघते ते त्यांच्या मते कच्चं होतं. आठला येतं ते खरं.

पहिल्यांदा चुकून झालं. संध्याकाळचा चहा देताना गार्गी म्हणाली की तो वकील आज मरतो, बरं झालं, सुटलो. विजयरावांनी कप खाली ठेवला आणि उठून खोलीत गेले. आठला बाहेर आले, वकील मरताना बघितला, आणि परत आत गेले.

गार्गीने ते सगळं नीट पाहिलं. या माणसाला नेमकं कुठे लागतं हे इतके महिने तिला सापडत नव्हतं.

त्यानंतर ते चुकून होत नसे.

उशिरा

विजयराव भांडले नाहीत. ते पुकारू लागले.

ऑफिसातून गार्गी दारात आली की आतून, थेट स्टँडवरच्या आवाजात: अल मन्सूरामार्गे येणारी गाडी आज उशिरा धावत आहे. जेवताना: प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, आमटीत मीठ आलेले नाही. एकदा शेजारची हिबा डबा परत द्यायला आली आणि दारातच बोलत थांबली. आतून पुकारा झाला की फलाटावर विनाकारण गर्दी करू नये. हिबाने विचारलं, अंकल काय म्हणतायत? गार्गीने तिला इंग्रजीत सांगितलं की तुझं स्वागत करतायत. हिबाने छातीवर हात ठेवून त्यांना शुक्रन म्हटलं. विजयरावांनीही छातीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला गार्गीने फोनचा आवाज पूर्ण वाढवला आणि अख्ख्या भागातला प्रत्येक संवाद पात्रांच्या मागोमाग स्वतः मोठ्याने म्हटला. मामाचा मामाच्या आवाजात, सासूचा सासूच्या. आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. त्या दारातून सगळं ऐकू येतं हे दोघांनाही माहीत होतं.

गार्गीचा नवरा मिहीर उत्तरेकडच्या गॅस प्लँटवर शिफ्टमध्ये असायचा. चार दिवस तिकडे, मग घरी. घरी आला की आधी एकाची तक्रार, मग दुसऱ्याची. दोघं एकाच दिवसाचं सांगत आणि ते दोन वेगळे दिवस वाटत. शेवटी त्याने तह केला. गार्गीने फोनवर बघायचं नाही, जे काय असेल ते आठला टीव्हीवर, सगळ्यांबरोबर. बाबांनी पुकारायचं नाही.

दोघांनी मान्य केलं. घर शांत झालं. मिहीरला वाटलं, जमलं. ती शांतता कसली होती हे चार दिवस प्लँटवर राहणाऱ्या माणसाला कळणं अवघड होतं. गार्गी ताट ठेवायची, विजयराव ताट उचलायचे, आणि मध्ये भांड्यांचा तेवढा आवाज.

एकाच बाबतीत त्यांचं जुळलं. शनिवार-रविवारी त्या चॅनलवर गाण्याची स्पर्धा असायची. शेवटच्या दोघांत सांगोल्याची बबीता आणि जालन्याचा चेतन उरतील असं दिसू लागलं होतं. बबीता गायला लागली की दोघंही चमचा खाली ठेवायचे. चेतन लग्नाच्या बँडमध्ये गायचा आणि स्पर्धेतलं प्रत्येक गाणं, अंगाईसुद्धा, वरातीच्या पुढे उभं राहिल्यासारखं गायचा. त्याच्या एका ताणलेल्या सुरावर विजयराव हळूच म्हणाले, “रिव्हर्स घेताना वाजतो तसा हॉर्न आहे याचा.” गार्गीच्या नाकातून पाणी आलं. ती हसली हे लक्षात आल्यावर तिने ग्लास उचलला आणि आत जाऊन उगाचच धुतला.

तेवढंच. तेवढं एकदाच.

विश्रांती

फरीज बिन ओमरान. दुसरी बेडरूम. पश्चिमेची खिडकी, दुपारी पडदा ओढावा लागतो. एसीचा आवाज येतो, सवय होते. कपाट आहे, अर्धं गार्गीच्या साड्यांनी भरलेलं, उरलेल्या अर्ध्यात चार शर्ट आणि एक स्वेटर. स्वेटरचा इथे उपयोग नाही. एका म्हातारपणासाठी योग्य. दोन मावणार नाहीत.

उशिरा, पुढे चालू

शुक्रवारी सकाळी मिहीर नाश्त्याच्या टेबलावर फोन घेऊन बसला. महिनाअखेरीस बाबांचा व्हिसा संपत होता. वाढवायचा असेल तर मेत्राशवर, सरकारी ॲपवर, अर्ज आत्ताच करायला हवा. त्याने स्क्रीन उघडली होती आणि अंगठा हवेत धरला होता. म्हणाला, तुम्ही दोघं मिळून काय ते सांगा, मी दाबतो.

गार्गी म्हणाली की आई पुण्यात एकटी आहे. विजयराव म्हणाले की नाशिकच्या फ्लॅटमध्येही काही जत्रा भरलेली नाही.

“तुम्ही पडला नाहीत, बाबा.”

“पडतो. म्हणजे राहता येईल का?”

[येथे गार्गीचं एक आणि विजयरावांची दोन वाक्यं आखाती प्रेक्षकांसाठी वगळली आहेत.]

मिहीरने अंगठा खाली घेतला. मग विजयरावांनी पोह्यांची ताटली बाजूला सारली आणि एक तोडगा सांगितला. रविवारी गाण्याची अंतिम फेरी होती. टीव्हीवर सुरू होताना गार्गीने एक नाव घ्यायचं, त्यांनी एक घ्यायचं. ज्याचं माणूस जिंकेल त्याची खोली.

मिहीर हसला. त्याला वाटलं बाबा चेष्टा करतायत. मग म्हणाला की तुम्ही दोघंही बबीताच म्हणणार, मग काय करायचं?

“एकच नाव निघालं तर मी जातो,” विजयराव म्हणाले. “मी पाहुणा आहे. पाहुण्याने आधी उठायचं असतं.”

गार्गीने त्यांच्याकडे पाहिलं. ते पोह्यातली मिरची शोधून काठाला लावत होते. ती चटकन हो म्हणाली.

तिला समजलं होतं, निदान तेव्हा तसं वाटलं. म्हाताऱ्याने स्वतःच दार उघडून दिलं होतं. रविवारी दोघं बबीता म्हणतील, नावं एक होतील, आणि ते निघतील. कोणी घालवलं असं होणार नाही. त्याच दुपारी तिने आईला फोन करून सगळं सांगितलं, खोलीचं, पैजेचं, नियमाचं. बॅगा भरायला घे म्हणाली. आई म्हणाली, बघू गं.

रात्रीतून मात्र तिच्या डोक्यात दुसरं सुरू झालं. हा माणूस काही फुकट देत नाही. ऐनवेळी मुद्दाम चेतन म्हणाला तर? आणि चेतन जिंकलाच तर? लोक कोणालाही मतं देतात. गार्गीला अंदाजावर खोली सोडायची नव्हती. तिला माहीत असायला हवं होतं.

आणि माहीत करून घ्यायला तिच्याकडे पूर्ण अडीच तास होते.

थेट

रविवारी संध्याकाळी ती ऑफिसातून अल मन्सूराच्या ग्रोसरीत गेली, कोथिंबीर घेतली, आणि घरी न जाता इमारतीमागच्या मोकळ्या जागेत गाडी लावून बसली. काचा वर, एसी सुरू, फोन स्टिअरिंगवर टेकवलेला. बाहेर उन्हाळ्याची धूळ, आत आईचं खातं. तह तिने पहिल्यांदाच मोडला. मोडताना काही वाटलं नाही. फक्त आवाज एकदम कमी ठेवला, गाडीत दुसरं कोणी नसतानाही.

तिकडची अंतिम फेरी संपत आली होती. इकडे अजून सुरू व्हायची होती. निवेदकाने पाकीट फाडलं. ते फाडण्यात त्याने एवढा वेळ घेतला की गार्गीने कोथिंबीर निवडायला घेतली.

चेतन.

चमकीचे कागद उडाले. चेतन गुडघ्यांवर बसला आणि मंचाच्या फळीला कपाळ लावलं. बबीता हसत टाळ्या वाजवत होती, टीव्हीवर हरलेल्या बायकांना वाजवाव्या लागतात तशा.

गार्गीने फोन बंद केला. तिने हिशेब लगेच केला. सासरे बबीता म्हणाले तर ती चेतन म्हणेल आणि जिंकेल. सासरे आडमुठेपणाने चेतन म्हणाले तर नावं एक होतील आणि त्यांच्याच नियमाने ते जातील. कुठूनही गेलं तरी खोली तिची. तिला वाईट वाटलं ते बबीताचं.

लिफ्टपाशी विजयराव उभे होते. फिरायला गेले होते, हातात खुबूसचं, इथल्या रोट्यांचं, पाकीट होतं. दोघं आत शिरले. आरशात दोघं दिसत होते, म्हणून दोघांनी आकड्यांकडे पाहिलं.

“कोथिंबीर मिळाली?”

“मिळाली. खुबूस कशाला आणलंत? पोळ्या आहेत की.”

“असू दे.”

भांडण नसलेलं, इतक्या दिवसांतलं ते त्यांचं सगळ्यात लांब संभाषण होतं.

उशिरा

टीव्हीवर अंतिम फेरीची गणपतीची धून वाजत होती. मिहीरने तिघांचे चहा मांडले होते, टेबल सोफ्याजवळ ओढलं होतं आणि दोघांचे फोन मागून घेऊन फ्रिजवर ठेवले होते. या सगळ्यात त्याला मजा वाटत होती. त्या घरात निकाल माहीत नसलेला तो एकटाच होता.

हे गार्गीला अजून कळलेलं नव्हतं. पुढच्या क्षणी कळलं.

“मी तीन म्हणतो, मग दोघांनी एकदम,” मिहीर म्हणाला. “एक, दोन, यल्ला.”

“चेतन.”

“चेतन.”

पडद्यावर निवेदक ओरडत होता की आत्ताच मत द्या, तुमचं एक मत इतिहास घडवू शकतं. त्याच्या पायाशी बारीक अक्षरांत एक पट्टी सरकत होती: मतदान बंद झालेले आहे.

गार्गीने मान वळवली नाही. विजयरावांनीही नाही. पण दोघांनाही आता दुसऱ्याबद्दल सगळं माहीत होतं. तो रिव्हर्सचा हॉर्न कोणी म्हटला होता आणि त्यावर कोण हसलं होतं, हे दोघांपैकी कोणीच विसरलेलं नव्हतं. डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाने हे नाव घेतलं नसतं. ज्याला माहीत होतं त्यानेच घेतलं असतं.

मिहीर मात्र उठून उभा राहिला होता. त्याचे डोळे चक्क भरून आले. तो एकदा बायकोकडे, एकदा बापाकडे बघत होता.

मिहीरला काय वाटलं ते असं: बाबांना माहीत होतं की गार्गी बबीता म्हणेल. त्यांनीही बबीता म्हटलं असतं तर नावं एक होऊन त्यांना जावं लागलं असतं, पण ते टाळायला नव्हे, उलट, तिचं माणूस जिंकावं आणि खोली तिला मिळावी म्हणून त्यांनी मुद्दाम हरणारा चेतन घेतला. आणि गार्गीनेही नेमकं तेच केलं, बाबांनी राहावं म्हणून. दोघं एकमेकांसाठी हरायला निघाले होते. हे त्याने थांबत थांबत, हात हलवत बोलून दाखवलं. तो चांगला इंजिनिअर होता. दिलेल्या माहितीवरून त्याचं उत्तर बरोबर होतं.

“तो नियम-बियम गेला खड्ड्यात,” तो म्हणाला. “खलास. कोणी जात नाही. मी आत्ता अर्ज करतो. तुझ्या आईलाही आणू, हॉलमध्ये सोफा-कम-बेड टाकू. मी शिफ्टवर असतोच.” आणि त्याने मेत्राश उघडलं.

गार्गी विजयरावांकडे बघू लागली. नियम त्यांचा होता. एकच नाव निघालं होतं. आता त्यांनी म्हणायला हवं होतं की नाही रे, मी जातो. ते बोलत नव्हते. बबीताच्या पहिल्या गाण्याचे सूर सुरू झाले होते आणि ते मन लावून ऐकत होते, मांडीवर एका बोटाने ठेका धरून. तिच्या लक्षात आलं की ते बोलणार नाहीत. ते थांबणार. मुलगा बटण दाबेपर्यंत नुसते थांबणार, फलाटावर बसलेल्या माणसासारखे, आणि मग उठून त्या खोलीत जातील.

मिहीरचा अंगठा खाली येत होता.

“थांब,” गार्गी म्हणाली. “चेतन जिंकलाय. मघाशीच. मी गाडीत बसून बघितलं.”

अंगठा थांबला.

“आणि यांनाही माहीत होतं. विचार त्यांना. हरणारा घोडा म्हणे. यांनी आयुष्यात कोणासाठी काय हरलंय?”

मिहीरने वडिलांकडे पाहिलं. विजयरावांनी ठेका थांबवला. त्यांनी नाकारलं नाही. फक्त म्हणाले की गाणं संपू दे. बबीता गात होती आणि खरोखर चांगली गात होती, त्यामुळे काही क्षण तिघंही, इच्छा नसताना, ऐकत राहिले.

गाणं संपलं. गार्गीने विचारलं की कोणी सांगितलं तुम्हाला? नाशिकच्या त्या रंगनाथने? तुमच्या त्या जुन्या एसटी ड्रायव्हरने?

“नको विचारूस.”

“का? तहाची मोठी चाड होती ना तुम्हाला? आठ म्हणजे आठ. आता सांगा कोणाकडून चोरून…”

“तुझ्या आईने,” विजयराव म्हणाले.

पुनःप्रक्षेपण: तीच संध्याकाळ, बाकावर

कोपऱ्यावरच्या बागेत विजयराव बसले होते. अंधार पडला होता, हवा तापलेलीच होती. दोन मुलं घसरगुंडीवरून उलटी चढत होती. गार्गी त्या वेळी शंभर पावलांवर गाडीत होती, पण ते त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी कोणालाही फोन केला नव्हता. बबीता म्हणायचं आणि जायचं, असं शुक्रवारपासून त्यांच्या मनात पक्कं होतं. नियम त्यांनी त्यासाठीच केला होता. नाशिकच्या फ्लॅटची किल्ली शेजाऱ्यांकडे आहे, पंखे पुसून घ्यायला सांगावं लागेल, इतपत विचार झाला होता.

फोन आला तो शशिकलाबाईंचा. त्या कधीच फोन करत नसत. आधी हवापाण्याचं विचारलं, मग मध्येच म्हणाल्या की चेतन जिंकला, आत्ताच संपलं, तुमच्याकडे सुरू व्हायचंय ना? तर तुम्ही चेतनच म्हणा.

विजयराव म्हणाले की हे बरोबर नाही. शशिकलाबाई म्हणाल्या की बरोबर नाहीच. पण मला यायचं नाही तिकडे. मी पडले ती बाथरूममध्ये नाही, मैत्रिणीच्या स्कूटरवरून पडले, आम्ही पहाटे सिंहगडाकडे निघालो होतो. गार्गीला सांगितलं तर ती स्कूटरही बंद करेल आणि मैत्रीणही. तिला नाही म्हणायचा मला धीर होत नाही, ती इतकं मनावर घेते. तुम्ही तिथे राहिलात म्हणजे मला यावं लागणार नाही.

“म्हणजे मी तुमच्यासाठी इथे राहायचं?” विजयरावांनी विचारलं.

“तुम्हाला राहायचं नाहीये का?”

त्यांनी फोन ठेवला. त्यांना राहायचं होतं. हे त्यांना तोवर कोणी विचारलंच नव्हतं. मग उठले. हातात काही तरी असावं म्हणून वाटेत खुबूस घेतलं.

उशिरा, शेवटचा भाग

“खोटं आहे,” गार्गी म्हणाली.

विजयरावांनी स्कूटरचं सांगितलं. सिंहगडाचं सांगितलं. मैत्रिणीचं नावही सांगितलं, तानूबाई. गार्गीला तानूबाई माहीत होत्या. सत्तरीच्या बाई, लाल हेल्मेट. तिने फ्रिजवरच्या आपल्या फोनकडे पाहिलं आणि तो घेतला नाही.

म्हणजे आईनेच. तिने आईच्या खात्यावरून चोरून बघितलं, आणि तिकडे आईने तेच बघून शत्रूला कळवलं. तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. आईने ‘बघू गं’ म्हटलं होतं ते तिला आत्ता ऐकू आलं.

मिहीर खाली बसला होता. तो अगदी सावकाश म्हणाला की मग आता प्रश्नच कुठे आहे? आईंना यायचं नाही. खोली दुसऱ्या कोणालाच नकोय. बाबांनी राहायला काय हरकत आहे?

त्याने हे गार्गीकडे बघून विचारलं. विजयरावही तिच्याकडे वळले. टीव्हीच्या उजेडात त्यांचा चेहरा क्षणभर निळा, क्षणभर केशरी होत होता. पुकारायचा आवाज त्यांनी कुठेतरी ठेवून दिला होता. नुसत्या, जरा बसलेल्या आवाजात ते म्हणाले:

“नियम माझा आहे, मी तो पाळतो. पण तू राहा म्हणालीस तर राहीन.”

गार्गीला कळलं की आता आई नाही. मनगट नाही, बाथरूम नाही, व्हिसा नाही. इतके दिवस जे तिच्या आणि या प्रश्नाच्या मध्ये उभं होतं ते सगळं बाजूला झालं होतं, आणि समोर एक म्हातारा माणूस पहिल्यांदा तिच्याकडे काही मागत होता. तिने खरंच शोधलं. आमटीतलं मीठ, हिबासमोरचा पुकारा, लावलेलं दार, तो हॉर्न. एकदा हसलो होतो आपण. ते एकदा तिने हातात धरून पाहिलं. त्याचं वजन पुरेना.

“तिकीट काढ, मिहीर,” ती म्हणाली.

मिहीर हलला नाही. तिने तेच पुन्हा म्हटलं, तितक्याच शांतपणे. पडद्यावर चेतन त्याच्या शेवटच्या गाण्यासाठी उठला, त्याच्या कपाळाला घाम होता, त्याला अजून काही माहीत नव्हतं.

विजयरावांनी मान हलवली. गाडी किती वाजताची, फलाट कोणता, अशी चौकशी झाल्यावर हलवायचे तशी. मग त्यांनी उठून मुलाच्या हातातला फोन काढून घेतला आणि सुनेसमोर धरला.

“तूच काढ,” ते म्हणाले. “त्याच्याने व्हायचं नाही. सकाळचं बघ. मुंबईहून पुढे उजेडात गेलेलं बरं.”

चेतन गात होता. भयंकर गात होता. कोणी आवाज कमी केला नाही. गार्गीने दोहा टाकलं, मुंबई टाकलं, महिनाअखेरच्या आधीची तारीख टाकली. प्रवाशाचं नाव, पासपोर्टवर आहे तसं, तिला पाठ होतं. व्हिसाचे आधीचे अर्ज दर वेळी तिनेच भरले होते.

ॲपने विचारलं, एकेरी की परतीसह. तिने ते मोठ्याने वाचलं. दोघंही टीव्हीकडे बघत राहिले.

तिने एकेरी दाबलं.